टर्बोच्या अलीकडचा सेन्सर

मुलुंडला आमचा गाळा आहे. गाडीची चाकं रोलरवर ठेवून ती जागेवरच पळवायची आणि इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते लॅपटॉपवर ठरवायचं, हे माझं काम. गाडी आत आली की मी छापील यादी घेऊन उभी राहते. तेल, पाणी, टायरची हवा, सेन्सर. सेन्सर म्हणजे धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजणारा. त्याच्या आकड्यावरून पेट्रोल जास्त पडतंय की कमी, ते कळतं.

बोरिवलीच्या एका गिऱ्हाइकाची टर्बोवाली गाडी होती, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेली. तिचा पूर्ण सायलेन्सर पाइप आमच्या गल्लीतल्या वेल्डर काकांनी बनवला होता. काका मालवणकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. पाइप झाला की दोन्ही तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवायचं, तेही गिऱ्हाइकासमोर. एक बुडबुडा दिसला तरी जोड कापून पुन्हा करणार. गल्लीत त्यांचं नाव होतं ते यावर.

सेन्सर टर्बोच्या पलीकडे, मोकळ्या पाइपात बसवायला हवा होता. त्यासाठी खालची पत्र्याची ढाल काढावी लागली असती. टर्बोच्या अलीकडे, इंजिनाला लागूनच एक तयार भोक होतं. मी तिथेच बसवला. यादीत ‘सेन्सर बसवला’ एवढंच होतं, मी खूण केली.

टर्बोच्या अलीकडे धूर कोंडतो, दाब वाढतो. दाबाखाली हा सेन्सर असेल ते फुगवून सांगतो. पेट्रोल थोडं जास्त असलं तर फारच जास्त दाखवतो. मला हे माहीत होतं. फरक किरकोळ असेल असं मी धरून चालले. पडद्यावर पेट्रोल फार दिसलं, म्हणून मी कमी केलं. तरी जास्तच दिसलं. आणखी कमी केलं. जेवणाच्या सुट्टीआधी गाडी बाहेर.

आठवड्याभरात ती घाटात बंद पडली. इंजिन आमच्याच टेबलावर उघडलं. एका पिस्टनला भोक पडलं होतं, कडा मेणासारख्या वितळलेल्या. पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं की होतं तसं. पाइप उतरवायला काकांना बोलावलं होतं, तेही शेजारीच उभे होते.

“मॅडम, वाट लागली ना इंजिनाची! झालं कशामुळे?” गिऱ्हाईक ओरडलं.

“पाइपच्या जोडात गळती असेल,” मी म्हणाले. “त्यामुळे सेन्सर चुकला.”

पाइप तर सेन्सरच्या पुढे होता. आणि गळती सेन्सरपर्यंत पोचली असती तरी बाहेरची हवा आत शिरून सेन्सरने पेट्रोल कमी दाखवलं असतं. मी ते वाढवलं असतं, आणि पिस्टन वाचला असता. वाक्य तोंडातून निघत असतानाच हे सगळं मला कळत होतं.

“माझ्या जोडाक गळती?” काका म्हणाले. त्यांनी तिथेच पाइपची तोंडं बंद केली, हवा भरली, साबण फिरवला. एकही बुडबुडा आला नाही.

“थंड असताना नाही येणार,” गिऱ्हाईक म्हणालं. “गरम झाल्यावर उघडत असेल. काय मॅडम?”

मी मान डोलावली.

काका साबणाचा डबा उचलून निघून गेले. पुढच्या दिवसांत त्यांच्या दुकानासमोर गाड्या कमी दिसू लागल्या. पलीकडच्या गॅरेजवाल्याने तर मला सांगितलं, “म्हाताऱ्याचा हात गेला, यार. तुझ्याच गाडीत झालं ना?” मी विषय बदलला.

मग मी दुसऱ्या एका गाडीला दोन सेन्सर लावले, एक टर्बोच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि दाबाचा काटाही जोडला. दोन आकड्यांत चांगलीच तफावत आली. खरं तर मोजायची गरज नव्हती. मला सांगणं पुढे ढकलायचं होतं.

शेवटी एका दुपारी काकांच्या दुकानात गेले. ते एका स्कूटरचा सायलेन्सर घासत होते. मी सगळं सांगितलं. सेन्सरची जागा, फुगलेला आकडा, मान डोलावणं.

“त्या गिऱ्हाइकाक सांगितलंस?”

“अजून नाही.”

“मग माका कित्याक सांगतंस? माका ठाऊक होता, माझो जोड गळत नाय.”

मी तिथेच उभी राहून गिऱ्हाइकाला फोन लावला. काकांनी बोटाने खूण केली, मी स्पीकर चालू केला. चूक माझी होती, पाइपची नव्हती, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं, असं सांगितलं. मग तो जो सुटला, तो मला, माझ्या लॅपटॉपला, माझ्या शिक्षणाला, सगळ्यालाच धरून. मी आवाज कमी करायला हात नेला.

“रवांदे,” काका म्हणाले. “ऐकांदे माका.”

फोनवरचा आवाज ऐकून समोरच्या गॅरेजमधले दोघे दारात येऊन उभे राहिले. काका त्यांच्याकडे बघत होते.