भाड्याचे बूट आणि आईचे हातमोजे

मला किळस फार येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. पंगतीत शेजारचा माणूस कढीचे भुरके मारायला लागला की माझं जेवण तिथंच संपतं. रिक्षाच्या सीटवर आधीच्या माणसाची ऊब लागली की मी पुढं सरकून टोकावर बसतो. लहानपणी चुलतभावाच्या उष्ट्या पेल्यातून पाणी प्यायलो नाही म्हणून वडिलांचा मार खाल्ला होता, आणि मार खाऊनसुद्धा प्यायलो नव्हतो. आई म्हणायची, "हे पोरगं चुकून आपल्या घरात आलंय." आता अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो तरी मी तसाच आहे, फक्त मारणारं कुणी उरलं नाही.

अशा माणसानं जानेवारीतल्या एका गारठलेल्या रविवारी त्र्यंबक रोडकडच्या डोंगरावर स्कीइंगला जावं, हीच मुळात चूक. पण गेलो. आईसाठी गेलो.

आई निफाडकडची. ती लहान असताना एका थंडीत सकाळी सकाळी कांद्याच्या रोपांत गेली, तर पातीवर पांढरं काहीतरी चमकत होतं. तिनं बोटानं उचलून जिभेवर ठेवलं. बर्फ! ती धावत घरी गेली आणि आपल्या आईला ओढत घेऊन आली, तोवर ऊन वर आलं होतं आणि पातीवर नुसतं पाणी. कुणी विश्वास ठेवला नाही. वर काम टाकून हुंदडते म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. ही गोष्ट आम्ही निदान शंभर वेळा ऐकली असेल आणि तिचा शेवट ठरलेला असायचा. "एकदा खरा बर्फ बघायचाय मला. वरनं पडताना. असा हातावर घ्यायचाय."

अकरा वर्षांपूर्वी, वडील होते तेव्हा, मी जेवताना सहज बोलून गेलो, "पुढच्या वर्षी काश्मीरला जाऊ." मी सहज बोललो, तिनं धरून ठेवलं. त्याच आठवड्यात ती तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या दुकानांत गेली आणि लाल लोकरीचे हातमोजे, एक माकडटोपी आणि जाड पायमोजे घेऊन आली. सगळं एका कापडी पिशवीत घातलं, वर चार डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि पिशवी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. घरात तिचं नावच काश्मीरची पिशवी पडलं. नाशकात थंडी पडली की आईची बोटं आखडतात, कणीक मळता येत नाही. बायको दर वर्षी म्हणायची, "आई, घाला ना ते हातमोजे, नुसते पडलेत." आई म्हणायची, "नाय गं. ते काश्मीरचे हायत."

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. मग मुलीची दहावी आली, मग फ्लॅट बदलला, मग वडील आजारी पडले, मग वडील गेले. मग रजा मंजूर होईना. निदान मी घरी तसं सांगत होतो.

मागच्या दिवाळीत आईला दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले, "आजींना उंचावर, थंडीच्या ठिकाणी न्यायचं नाही आता. कधीच नाही." आईनं विचारलं, "म्हाबळेश्वर चालंल का?" डॉक्टर हसले. मीही हसलो. माझ्या हसण्याची मला नंतर लाज वाटली.

नाताळात बायकोनं मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. डोंगरउतारावर स्कीइंग, खाली बर्फच बर्फ, गोरी माणसं उड्या मारतायत, आणि वर लिहिलेलं, 'नाशिकचं काश्मीर'. ती म्हणाली, "अहो, आईंना नेऊ या ना. इथल्या इथं आहे, उंचही नाही." मी म्हटलं नेऊ. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. अर्ध्या तासात काश्मीर उरकणार होतं.

त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. कॉलनीच्या कोपऱ्यावर वॉचमन शेकोटीत खोकी जाळत बसला होता. आई सकाळीच तयार होऊन सोफ्यावर बसलेली. साडीवर स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायात ते जाड मोजे आणि हातात लाल हातमोजे. अकरा वर्षांनी पिशवी उघडली होती. गाडीत डांबरगोळ्यांचा असा वास कोंदला की मी काच खाली केली, तर बायकोनं डोळे वटारले. आईनं रस्ताभर हात मांडीवर उताणे ठेवले होते, कशालाही लावत नव्हती. "मळतील," म्हणाली.

आणि मग ते ठिकाण. शी! काय सांगू! पार्किंगमध्येच कुणीतरी ओकून ठेवलेलं आणि त्यावर माती ढकललेली. खाल्लेली कणसं, मिसळीचा लाल तवंग राहिलेल्या प्लेटा आणि त्यांत तोंड घालून फिरणारं कुत्रं. स्पीकरवर धिंगाण्याची गाणी इतक्या जोरात की छातीत धडधडावं. संडासाच्या दारातून पाणी बाहेर येत होतं आणि लोक त्यातूनच चालत बर्फाकडे जात होते. डोंगराची एक बाजू खरवडून काढली होती. तिथं प्लॅस्टिकच्या काट्याकाट्यांची चटई अंथरलेली, आणि ती निसरडी व्हावी म्हणून एक जण वरून बादलीनं साबणाचं पाणी सोडत होता. फेस आणि मुरूम मिळून गुलाबी चिखल खाली ओघळत होता. ह्याच्यावरून म्हणे स्कीइंग करायचं! तळपायाची आग मस्तकात गेली.

बर्फ त्या उताराच्या खाली होता. आम्ही पोचलो तेव्हाच टेम्पो आला होता. दोघांनी गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या ओढून काढल्या, फोडल्या, मशीनमध्ये घातल्या आणि तो चुरा फावड्यानं पसरला. बर्फात गोणपाटाचे धागे होते, भुसा होता, आणि वास सरळ मासळी बाजाराचा येत होता. पोरंबाळं त्यात लोळत होती, एकमेकांच्या तोंडात कोंबत होती. मी रुमाल नाकाला लावला.

आई कठड्याला टेकून बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, हा तर लग्नात मठ्ठ्यात टाकतात तो."

आजूबाजूची माणसं हसली. तीही हसली. मग तिनं तिकीटवाल्याला जरा हळूच विचारलं, "भाऊ, वरनं पडत नाय का?"

"पडतो ना मावशी. पाच वाजता फोम सोडतो आम्ही वरून."

"फोम म्हंजे?"

"साबणाचा फेस."

"असं व्हय," आई म्हणाली.

मी म्हटलं, चला, बघून झालं, निघू. पण बायकोनं तिकिटं काढली होती आणि आई म्हणाली, "आलोय तर घसरते की एकदा." मग बुटांच्या काउंटरवर गेलो. तिथं तर कहर होता. एक माणूस घामेजलेला पाय बुटातून काढत होता, त्याच्या पायाची अक्षरशः वाफ निघत होती, आणि तोच बूट तसाच्या तसा काउंटरवरून आईसमोर आला. बरोबर मोज्यांचा जोड. मोजे ओले. एका मोज्याच्या तोंडाशी कुणाचं तरी नख चिकटलेलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

आई खुर्चीवर बसली, आपले काश्मीरचे मोजे काढले, घडी घालून पिशवीत ठेवले आणि ते घाणेरडे मोजे पायात चढवायला लागली.

"आई, शी! ते काय घालतेस! तुझे चांगले आहेत ना?"

"माझे भिजतील."

"अगं त्यात नख आहे कुणाचं तरी!"

"मग काय झालं? पाय धुता येत्यात." तिनं नख झटकून टाकलं. "तू पण घाल बूट. एकटी कशी जाऊ मी?"

बायकोला पाठीच्या दुखण्यामुळं असलं काही चालत नाही. म्हणजे मीच उरलो. माझ्यासमोर दुसरा जोड आला होता. त्याच्या आतला पांढरा स्पंज काळा पडला होता आणि त्यातून आंबट वास येत होता. मी हात मागे घेतला. म्हटलं, "नाही गं. गुडघा दुखतोय सकाळपासून."

आई वाकून बुटाचा पट्टा ओढत होती. वर न बघताच म्हणाली, "गुडघा नाय दुखत तुझा."

मी तो जोड एका बोटानं मागे सरकवला.

"रजा पण मिळत होती तुला. त्या हाटेलातल्या रजयांची किळस येती, म्हणून नाय गेलास. मला ठाव हाय रे. लहानपणापास्नं बघतीय."

ती रागानं बोलली नाही. पट्टा घट्ट झाला का, ते बघत बोलली. आणि हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. या अकरा वर्षांत मी तीनदा ट्रॅव्हलवाल्याकडून माहिती आणली होती. तीनदा हॉटेलचे फोटो बघितले, त्या जाड रजया बघितल्या, कोण कोण त्यात झोपलं असेल, कुणाकुणाचे केस असतील असं डोक्यात आलं आणि तीनदा घरी येऊन सांगितलं की साहेब रजा देत नाहीत. बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. मला वाटायचं कुणालाच माहीत नाही.

तरीही मी बूट घातले नाहीत. हे मला लिहिताना लपवता आलं असतं, पण काय उपयोग.

उतारावर लोकांना धरायला एक माणूस होता. पन्नाशीचा, गमबूट घातलेला, गालात तंबाखूची गोळी. तो बाजूला पचकन थुंकला, हात पँटला पुसला आणि तोच हात आईपुढं केला. "चला मावशी, मी धरतो." आईनं लाल हातमोजे काढून माझ्याकडे दिले. "धर, भिजतील," म्हणाली, आणि उघडा हात त्याच्या हातात ठेवला. मी एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हातमोजे घेऊन उभा.

ते दोघं उतारावर थोडंसंच चढले. त्यानं तिच्या बुटांना घसरायच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, अडकवल्या, दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटा चालत तिला खाली आणायला लागला. आई "आयोऽ आयोऽ" करत घसरत आली आणि शेवटी बर्फाच्या चुऱ्यात फतकल मारून बसली. साडी भिजली, टोपी डोळ्यांवर आली. ती हसत होती. त्या माणसानं तिला बगलेत हात घालून उठवलं, साडीचा चिखल झटकला.

"तू पाह्यलाय का रे खरा बर्फ?" तिनं त्याला विचारलं.

"नाय मावशी. मी इथलाच. ह्याच डोंगराचं गवत कापायचो मी."

"मग आपण दोघं बी सारखेच की." दोघंही मोठ्यानं हसले.

मग तिनं ओंजळभर चुरा उचलला आणि जपून, बोटांतून गळू न देता, माझ्यापर्यंत घेऊन आली. तिची बोटं लालभडक झाली होती. माझ्यापुढं ओंजळ धरून म्हणाली, "बघ. गार हाय पण."

मी मागे सरकलो. मुद्दाम नाही, आपोआप. "आई, माशांचा बर्फ आहे तो," म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओंजळ उघडली आणि बर्फ खाली टाकून दिला. हात पदराला पुसले.

बायको म्हणाली, "पाच वाजता फोम सोडणार आहेत, थांबायचं का आई?"

"नको गं. झालं माझं."

गाडीत तिनं हातमोजे मागितले नाहीत. ते माझ्या खिशातच राहिले. शहरात शिरेपर्यंत ती दोनदा म्हणाली, "मजा आली हं." दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नव्हतं. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर मी साबणानं हात धुतले, मग पुन्हा धुतले. त्या जागेची, त्या बुटांची, त्या नखाची घाण आठवत राहिलो, कारण ते सोपं होतं. त्या घाणीवर शिव्या घालता येत होत्या. स्वतःची शिसारी आली तर माणसानं कुठं थुंकायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडं दिसलं म्हणून बाहेर गेलो. आई दारात उभी होती. तिनं लाल हातमोजे घातले होते. रात्री माझ्या खिशातून काढून घेतले असणार. कडीला लावलेली दुधाची पिशवी फुटली होती, ती तिनं दोन्ही हातांत वर धरली होती आणि दूध हातमोज्यांवरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"आई! अगं ते काश्मीरचे!"

"असू दे," ती म्हणाली. "आता कशाला ठेवायचे? वापरून टाकते. किती गार लागतंय बघ."

तिनं एक हातमोजा काढून माझ्यापुढं धरला. "घाल, आणि धर ती पिशवी. मी पातेलं आणते." मी हात घातला. आत दूध होतं, डांबरगोळीचा वास होता, आणि तिच्या हाताचा ओलसर घाम होता. आणि खोटं कशाला सांगू, मला किळस आली. माझ्या आईच्या हाताची किळस आली. ती आत पातेलं शोधत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी हातमोजा काढला नाही. तसाच फुटकी पिशवी धरून दारात उभा राहिलो.