साल रिकामे ठेवलेली नोंद

सीताबर्डीच्या गजबजाटामागे एका गल्लीत छोटेसे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या दाराशी टांगलेल्या काळ्या फळ्यावर गेली अठ्ठावीस वर्षे रोज सकाळी साडेसहाला भैयाजी खानझोडे दिनविशेष लिहीत आले. भैयाजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक; वय एकोणऐंशी, अक्षर छापल्यासारखे. वर तारीख, मग घटना, मग जन्म, मग मृत्यू, आणि सर्वांत खाली ‘आपल्या वस्तीतले’ या मथळ्याखाली एकच ओळ. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी. नाना फडणवीसांच्या जन्माशी लोकांना फारसे कर्तव्य नसे. सायकल थांबवून ते वाचत ती खालची ओळ.

या साऱ्या नोंदींची कार्डे एका लाकडी खोक्यात, वर्षाच्या प्रत्येक दिवसाच्या स्वतंत्र कप्प्यात असत. भैयाजींनी लिहायचे आणि वाचनालयाच्या ग्रंथपाल शोभाताई उमाठे यांनी पदर खोचून समोर उभे राहून तपासायचे, असा नेम होता. शोभाताई निवृत्त झाल्या, तरी तो मोडला नाही. फळ्यावर कधी चूक झाली नाही ती त्यामुळेच. दिवाळीनंतर त्यांच्या हृदयाचे दुखणे निघाले, त्यांनी अंथरूण धरले, आणि भैयाजींच्या मागे तपासणारे कुणी उरले नाही.

एक गोष्ट मात्र शोभाताईंनाही ठाऊक नव्हती. वस्तीतले कुणी गंभीर आजारी पडले की भैयाजी त्या माणसाच्या मृत्यूचे कार्ड आधीच तयार करून ठेवीत. त्यात दुष्टावा नव्हता. घाईत लिहिलेला मजकूर सदोष होतो, एवढेच त्यांचे म्हणणे. साल तेवढे रिकामे ठेवायचे आणि ते कार्ड त्या व्यक्तीच्या जन्माच्या कार्डाखाली टाचणीने टाचून द्यायचे.

बारा फेब्रुवारीला शोभाताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती, आणि नेमके त्याच दिवशी दुपारी रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात त्यांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली होती. आदल्या सायंकाळी भैयाजींनी त्यांची दोन्ही कार्डे काढून वाचली आणि पुन्हा टाचली. सकाळी फळा लिहिताना हात नेहमीप्रमाणे चालत होता; मन रुग्णालयात होते. महादजी शिंद्यांची पुण्यतिथी झाली, खालची ओळ झाली, आणि ते घरी येऊन चहाला बसले.

आठ वाजता वाचनालयाचा शिपाई ओमप्रकाश याचा फोन आला.

“भैयाजी, शोभाताई कवा गेल्या जी?”

भैयाजींच्या हातातली बशी कलली. चहा धोतरावर सांडला, तो त्यांना कळलाही नाही.

“कोण म्हणालं तुला?”

“तुमीच तं लिहून ठेवलं फळ्यावर. लोकं हात जोडून राहिले इथं.”

आदल्या सायंकाळी टाचताना खालचे कार्ड वर आले होते, आणि सकाळी तेच फळ्यावर उतरले होते. शोभाताई गेल्या नव्हत्या. भैयाजींनी त्यांना फळ्यावर मारले होते. क्षणभर सुटकेसारखे काही वाटले, आणि पाठोपाठ भीती आली.

“पूस. आत्ताच्या आत्ता सगळा फळा पूस.”

“पुसतो. पण त्याइची सून येऊन गेली सकाळीच, गाडीवर. फोटू काढून गेली.”

रितिका. सासूच्या वाढदिवसाची ओळ तिने टिपून नेली होती. भैयाजींनी तिला चार वेळा फोन लावला. चारही वेळा तो वाजून थांबला. ते तशाच डागाळलेल्या धोतराने ऑटोत बसले.

सिग्नलला ऑटो थांबला की त्यांचा श्वास थांबे. अमुक वारी नखे काढू नयेत म्हणणाऱ्यांची ज्यांनी जन्मभर टिंगल केली, ते भैयाजी आज मनाशी एकच हिशेब मांडत होते: अठ्ठावीस वर्षांत फळा एकदाही खोटा ठरलेला नाही. तो आजही खरा ठरायचा असला तर? बाराव्या तारखेच्या कप्प्यात जन्म आणि मृत्यू दोन्ही एकत्र बसले, तर त्या कार्डावर रिकामे ठेवलेले साल आपल्याच हाताने भरावे लागेल.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर रितिका भिंतीला टेकून उभी होती. डोळे लाल झालेले.

“काका, मी न वाचताच पाठवला हो. आई सकाळपासून वाट पाहून राहिल्या होत्या. माझी ओळ दाखव म्हणे, मग जाते आत.”

“त्यांनी पाहिला?”

“पाहिला. तेव्हापासून बोलल्या नाहीत. तुम्ही आले की पाठव, एवढंच म्हणाल्या.”

हिरव्या झग्यातल्या शोभाताई निम्म्याच उरल्यासारख्या दिसत होत्या. चष्मा नाकावर, मोबाइल हातात. भैयाजी दाराशीच उभे राहिले. परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या मुलांना त्यांनी असेच उभे राहताना पाहिले होते.

“या. साल काहून नाही टाकलं?” त्या म्हणाल्या. “तुमच्या फळ्यावर साल नसलेली नोंद पहिल्यांदाच पाहून राहिली मी.”

“शोभाताई, माझ्या हातून—”

“कवा लिहिलं हे?”

खोटे बोलण्याची सवय नव्हती. “दिवाळीनंतर. तुम्हाला पहिल्यांदा इथं आणलं त्या दिवशी.”

“आणखी कोणाकोणाचे आहेत?”

“नऊ जणांचे.”

शोभाताईंनी मोबाइल पालथा ठेवला. “मजकूर बरा आहे. पण त्यात ‘मितभाषी’ लिहिलं? तुम्ही मले गप बसलेली कवा पाहिलं?”

मग त्या खाली पाहत सावकाश म्हणाल्या, “मागच्या पावसाळ्यात तुम्ही वाचनालयाच्या पायरीवरून पडले, तवा मीही तुमचं लिहून ठेवलं. माझ्या कपाटात आहे. साल रिकामं.”

आपले नाव कुणाच्या कपाटात पुढच्या तारखेची वाट पाहत पडून आहे, हे ऐकून भैयाजी पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले. या बाईंना सकाळी काय वाटले असेल, ते त्यांना आत्ता कुठे उमगले.

“फळा पुसला काय?” शोभाताईंनी विचारले. त्यांची बोटे चादरीची किनार पुन्हा पुन्हा चुरगळत होती.

“पुसला.”

“म्हणजे तिथं आता काहीच नाही. तसं नका ठेवू. मी आत असताना माझं नाव जन्मात पाहिजे, भैयाजी. जा, लिहून या. मले भेव लागून राहिलं.”

तपासणाऱ्या शोभाताईंच्या तोंडून हा भीतीचा शब्द त्यांनी प्रथमच ऐकला. ते थांबले नाहीत.

बारा वाजायच्या आत फळा पुन्हा लिहून झाला. ‘शोभाताई उमाठे, जन्म १९५१.’ अक्षर वाकडे आले. ते त्यांनी सुधारले नाही. साल तीनदा कार्डाशी ताडून पाहिले. मग ओमप्रकाशने आणून दिलेल्या स्टुलावर फळ्याला पाठ लावून बसले, जणू मागून कुणी येऊन ती ओळ बदलील. पाच वाजता रितिकाचा फोन आला: झडप बसली, पण शुद्ध आलेली नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला भैयाजी फळ्यासमोर आले. एका हातात डस्टर, दुसऱ्या हातात तेरा फेब्रुवारीची कार्डे. पावणेसात झाले, सात झाले. दूधवाला थांबून म्हणाला, “भैयाजी, आज तेरा आहे नं? बाराच दिसून राहिली.” ज्यांनी तारीख कधी मिनिटभर शिळी होऊ दिली नव्हती, ते भैयाजी डस्टर धरून उभेच होते. ती ओळ पुसायला त्यांचा हात उठेना.

साडेसातला रितिकाचा फोन आला. त्यांनी तो कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले.

“काका, नळी काढली. आई बोलल्या. आज फळ्यावर काय आहे, विचारून राहिल्या.”

“सांग त्यांना,” भैयाजी म्हणाले, “अजून बारा तारीखच आहे. त्या म्हणतील तेव्हाच पुसीन.”

पलीकडे कुजबुज झाली.

“पुसा म्हणतात. आणि आज लिहिलेलं आधी मला दाखवा म्हणतात, फोटो काढून.”

भैयाजींनी वरून पुसायला सुरुवात केली. खालच्या ओळीशी आल्यावर ते थोडे थांबले, मग तीही पुसली, आणि खडू हातात घेऊन आजची तारीख घातली.