दिवा ठेव आणि जा

माझा मामा चष्म्याच्या काचा घासतो. तिसाव्या वर्षापर्यंत तो मठात होता, ब्रह्मचारी. मग छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका मुलीशी, म्हणजे मामीशी, लग्न करून बाहेर पडला. ‘गुरुजींनी आनंदाने निरोप दिला,’ एवढंच तो सांगायचा. एरवी गप्पिष्ट माणूस, पण हा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

मामी चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मामाने माणसंच तोडली, म्हणून मी हट्टाने त्याला आमच्या रविवारच्या खेळात ओढलं. दुपारी त्याचं दुकान बंद असलं की आम्ही त्याच्या मागच्या खोलीत बसतो. मी गोष्ट रचते, बाकीचे त्यातली पात्रं होऊन बोलतात आणि अडलं की फासे टाकतात. खेळातलं राज्य आमच्याच डोक्यातून निघालेलं. तिथे कायम धुकं असतं आणि देवळातला दिवा विझला तर जहाजं खडकावर फुटतात. त्या दिव्याच्या पुजाऱ्यांना लग्नाची बंदी.

एका रविवारी मी धर्मसभा भरवली. ठराव होता, पुजाऱ्यांना लग्नाची मोकळीक द्यावी. आमच्यातली एकजण दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. ती झाली तरुण पुजारीण, एका नावाड्याच्या प्रेमात पडलेली. बसचालक मित्र राजाचा दूत झाला, सगळ्यांना खूश ठेवणारा. मामाला मी ठरावाविरुद्ध बोलणारा म्हातारा मुख्य पुजारी दिला. म्हटलं, स्वतःशीच भांडताना बघायला मजा येईल.

“मला हा नको,” मामा म्हणाला.

“या वेळेपुरता घे रे मामा. पुढच्या वेळी बदलू.”

त्याने चष्मा काढून बाजूला ठेवला आणि ताठ बसला. बोलू लागला तेव्हा आवाज त्याचा नव्हता. खालच्या पट्टीतला, सावकाश, प्रत्येक शब्दाला वजन देणारा.

“लग्न करणाऱ्याला मी पापी म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण ज्याचं स्वतःचं मूल तापाने फणफणलंय, तो त्याला सोडून दुसऱ्याच्या मुलाच्या उशाशी येईल का?”

“आणि ज्याला मूलच नाही,” नर्स म्हणाली, “त्याला त्या आईशी काय बोलायचं ते कळेल का?”

“नाही कळणार. म्हणून तो गप्प बसेल. तिथे गप्प बसणाराच लागतो.”

बसचालकाने मधला मार्ग काढून पाहिला: म्हाताऱ्यांनी व्रत पाळावं, नव्यांना मोकळीक द्यावी. मामाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. सभासदांच्या मतांसाठी मी फासे टाकले आणि ठराव पडला. मग मामा पुजारिणीकडे वळला.

“दिवा ठेव आणि जा. मागे बघू नकोस. म्हणजे आम्हालाही तुझं तोंड पाहावं लागणार नाही.”

खेळ आहे हे माहीत असूनही नर्स गोरीमोरी झाली. खेळ तिथेच मोडला.

सगळे गेल्यावर त्याने मला थांबवलं. “हे गुरुजींचं वाक्य आहे,” तो म्हणाला. “फाटकात उभे राहून बोलले होते, शब्द न् शब्द हाच. आनंदाने निरोप वगैरे थाप होती.”

“मामीला माहीत होतं?”

“नाही सांगितलं कधी. तिला वाटलं असतं, तिच्यापायी झालं.” त्याने फासे डबीत टाकले. “शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, ते म्हातारे कधीचे दारात उभे आहेत, त्यांना आत तरी घ्या. मी दाराकडे पाहिलंच नाही गं. हिंमत झाली नाही.”

माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या रविवारी मी त्याला दुसरं पात्र देऊ केलं, पण त्याने तोच म्हातारा मागून घेतला. ठराव पुन्हा मांडता येईल का, विचारलं. मी हो म्हटलं. त्याने तीनदा बाजू बदलून पाहिली आणि तिन्ही वेळा तोंडातून नकारच आला.

“हा काही ऐकायचा नाही,” मामा शेवटी म्हणाला. “ठराव पडलेलाच राहू दे. पण हा आता त्या मुलीच्या घरी जातो.”

नर्स सावरून बसली. “दार उघडंय. पण दिवा नाही माझ्याकडे.”

“दिवा मागायला आलो नाही.”

“मग कशाला आलात?”

बसचालकाने फाशांकडे हात नेला, मी त्याला खुणेने थांबवलं. बाहेरून कुणीतरी शटर वाजवून दुकान उघडं आहे का विचारलं आणि निघून गेलं.

“काय बोलायचं मला माहीत नाही,” मामा अखेर स्वतःच्या आवाजात म्हणाला. “खरे गुरुजी तर कधी आलेच नाहीत.”

“मग नुसतं बसू दे त्यांना,” नर्स म्हणाली. “मी पाणी आणते.”

मामा तोंड फिरवून रडला. नर्सने खरंच उठून पेल्यात पाणी आणलं.

त्याला दोन वर्षं झाली. आमची गोष्ट आता दुसऱ्या किनाऱ्यावर गेली आहे, मामा तिथे नकाशे विकतो आणि भावात फसवतोही. त्याने मठात फोन करून विचारलं, तर गुरुजी केव्हाच वारले होते; कोण बोलतंय ते त्याने सांगितलं नाही. मधूनच, फासे गोळा करताना, तो मला विचारतो, “तो म्हातारा अजून तिच्याकडेच आहे का?”

“आहे,” मी सांगते. “उठवला नाही.”

“नकोच उठवू,” तो म्हणतो, आणि आमच्यामागच्या दाराकडे एकदा बघून घेतो.