जिभेखालची लाल कॅप्सूल

सरस्वतीपुरमच्या बागेत रोज सकाळी स्टूल मांडून बसतात ते प्रेशरवाले मानाजीराव म्हणजे माझेच हे. शाळेत ड्रिल मास्तर होते. रिटायर झाल्यावर हातातली शिट्टी सुटली आणि प्रेशरचं मशीन आलं. येईल त्याच्या दंडाला पट्टा आवळायचा, आकडा ओरडून सांगायचा, वर औषधही सुचवायचं. डॉक्टरी शिकलेत कुठे, तर कुठेच नाही! उथळ पाण्याला खळखळाट फार. लोकांनी 'सर, सर' केलं की यांची छाती फुगते. मला या समाजसेवेची शिसारी येते. दहा जणांच्या घामाचा वास लागलेला तो पट्टा घरी आणून जेवायच्या टेबलावर ठेवतात. शी!

यांची लाडकी म्हणजे ती लाल कॅप्सूल. टाचणीने टोचून जिभेखाली पिळली की प्रेशर भराभर उतरतं. मेडिकलवाला कृष्णमूर्तीसुद्धा म्हणाला, सर, असं आता डॉक्टर देत नाहीत. मी तेच बोलले तर "तुला काय कळतं? सुम्ने गप बस," हे यांचं अर्धं कानडी उत्तर.

त्या दिवशी माझा थोरला भाऊ, फत्तेसिंगदादा, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन बन्नूरहून बसने आला. "वनू, चहा टाक गं," म्हणत जिना चढला. आमच्या आईच्या मराठीत माझ्याशी बोलणारा आता तो एकटाच उरलाय. माझी मुलं 'ओके अम्मा'च्या पुढे जात नाहीत. दादा जरा टेकला, तोच यांनी त्याचा दंड धरला.

"दोनशे-एकशेदहा! मेहुणे, जिवंत कसे हो तुम्ही?"

"दहा वर्षं असंच आहे की," दादा हसला. "मला काही होत नाही."

"अहो, त्याला दोन घास खाऊ द्या, मग डॉक्टरकडे नेऊ," मी म्हटलं. ऐकतात कुठले! एक कॅप्सूल पिळली. अर्ध्या तासाने दुसरी. थोड्या वेळाने "एकशेदहा-सत्तर! अगदी पोरासारखं!" म्हणून स्वतःच टाळी वाजवली. तेवढ्यात दादाचं तोंड वाकडं झालं. उजव्या हातातली पत्रिका गळून पडली. "प... प..." एवढंच. लाळ शर्टावर आली. "झोप येतेय त्यांना. आकडा बघ ना, किती छान!" म्हणे हे. मी धावत जाऊन ऑटो आणली.

हॉस्पिटलात डॉक्टर सुप्रीता होती, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आपल्या आपणच आवळतात, सैल होतात. प्रेशर चढलं की आवळायचं, उतरलं की सैल सोडायचं, म्हणजे मेंदूला रक्त बेतानं मिळतं. उसाच्या पाटावरचा माणूस पाणी बघून दारं कमीजास्त उघडतो, तसं. पण वर्षानुवर्षं प्रेशर चढं असलं की त्यांना तेच अंगवळणी पडतं. मग एकदम खाली आणलं तर त्या पुऱ्या सैल होऊनही रक्त पुरत नाही. "काही औषध दिलंत का यांना? खरं सांगा, पुढचं त्यावरच ठरेल."

मी यांच्याकडे बघितलं. बागेत आकडे ओरडणारा हा माणूस जमिनीकडे बघत पुटपुटला, "गावाकडेच काहीतरी घेतलं असेल. अडाणी माणसं."

दादा शुद्धीत होता, सगळं ऐकत होता. यांच्यावर डोळे रोखून नुसते ओठ हलवत राहिला. आवाज फुटेना. मला किळस आली. तीस वर्षं या माणसाला जेवायला वाढलंय मी!

"इवरे कोट्टिद्दु," मी कन्नडात ठणकावून सांगितलं, यांनीच दिलं. "दोन कॅप्सूल, जिभेखाली, अर्ध्या तासाच्या अंतरानं."

डॉक्टरने लगेच दादाची उशी काढली, सपाट झोपवलं, सलाइन लावलं. संध्याकाळी हात थोडा हलला. बोलणं मात्र नाही.

बाहेर येऊन हे मलाच म्हणतात, "त्या पोरीसमोर माझी अब्रू घालवलीस."

"तिकडे दादाला पाणी मागता येत नाही, आणि तुम्हाला अब्रू सुचतेय? जा आत. त्याच्यासमोर बसा आणि पुन्हा एकदा म्हणा, गावाकडे घेतलं असेल."

हे जागचे हलले नाहीत.