परत केलेला शीरखुर्मा

बाबांच्या किडनीत कॅन्सर निघाला, आणि त्याच्या पेशी साखरेवर पोसतात हे मी मोबाइलवर वाचलं. घरातलं सगळं गोड बंद केलं. ईदला शेजारच्या चाची नेहमीसारखा शीरखुर्मा घेऊन आल्या. शेजारची वाटी आम्ही रिकामी परत करत नाही. मी ती भरलेलीच दारातून परत केली.

पुढं अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "त्या पेशी साखर जास्त जाळतात हे खरं. पण गोड तोडून गाठ उपाशी मरत नाही, तुमचे बाबाच वाळून चाललेत."

खाली मान घालून मी चाचींकडं माफी मागायला गेलो.

"तुह्या बाबासाठी अलग केला होता, बेटा," त्या म्हणाल्या. "त्याच्यात साखर टाकलीच नव्हती. नुसती खारीक होती."