तारेवर नसलेला नीळकंठ

अंजनगाव सुर्जीला आमच्या घरामागून एक पायवाट कपाशीच्या शेतांतून शहानूर नदीपर्यंत जायची. पाऊस सरून चिखल वाळला की बाबा मला त्या वाटेनं फिरायला न्यायचे. ते प्राथमिक शाळेत मास्तर. घरात मोजकंच बोलायचे, पण शिवारात शिरले की त्यांची जीभ सुटायची. टिटवी कोणावर ओरडते आहे, ज्वारीच्या कणसांवर कोणतं पाखरू उतरलंय, लांबच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काळवीट का थबकलंय, सगळं मला त्यांनीच दाखवलं.

दसऱ्याच्या सकाळी तर हे फिरणं चुकायचंच नाही. त्या दिवशी नीळकंठ पक्षी दिसला की वर्ष चांगलं जातं, अशी आमच्याकडची समजूत. तो दिसेपर्यंत बाबा तोंडात घास घालायचे नाहीत, आणि सोबत आलेल्यालाही उपास घडायचा.

साठ सालानंतरचा एक दसरा. मी अमरावतीला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. त्या सकाळी बाबा दोनदा धुऱ्यावर ठेचकाळले. हरणांचा कळप अगदी बाजूनं गेला, तरी त्यांनी मान वळवली नाही. मी ते पाहिलं, आणि काळजी वाटायच्या ऐवजी मला रागच आला. माझा स्वभाव असाच, भूक लागली की डोकं फिरायचं. ऊन चढलं, नदी आली, नीळकंठाचा पत्ता नाही. बाबा म्हणाले, अजून थोडं पुढे जाऊ.

शेवटी सडकेकडेच्या टेलिग्राफच्या तारेकडे बोट दाखवून मी म्हटलं, "तो पाहा, बसलाय."

तारेवर काहीच नव्हतं. बाबांनी पायातल्या वहाणा काढल्या, मान वर केली आणि हात जोडले. मग म्हणाले, "दिसला."

घरी आल्यावर आईला त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. पाखरू कसं उडालं, पंख उघडले तेव्हा कसं निळंशार झालं. मी पाटावर बसून जेवत होते. बाबांना दिसत नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. सांगायचं तर माझं खोटं उघडं पडलं असतं, तेही सणाच्या दिवशी. मी गप्प राहिले. दोन दिवसांनी अमरावतीला निघून गेले.

संक्रांतीच्या सुमाराला आईचं पत्र आलं, की यांना आता वह्यासुद्धा तपासता येत नाहीत. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर एक डोळा राखता आला असता, असंही म्हणाले.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. आवाज होऊ दिला नव्हता. तरी बाबांनी चाचपत माझा हात धरला.

"काहून रडून राहिली, बाई? खोटं तं मीबी बोललो."