युवराजांचा वाघ

संस्थानाच्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे. तिथल्या भिंतभर चित्रात आठ वर्षांचे युवराज मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे आहेत. दरबारी चित्रकाराने त्या पोराला छाती पैलवानाची दिलीय आणि नजर सेनापतीची.

"हा वाघ युवराजांनी स्वतः मारला," गाईड ऐटीत म्हणाला.

"अहो, मग याच्या पोटावर टाके कसे?" माझ्या बायकोने विचारलं.

खरंच की! दिवाणखान्यातला पेंढा भरलेला वाघच पायाखाली आणून ठेवला होता. खुशामत करणाऱ्याची नजर कायम मालकाच्या तोंडाकडे असते. त्या लाचार चित्रकाराने युवराजांचं सगळं उणं झाकलं, पण वाघाची हांजी हांजी करायचं त्याला काही कारण नव्हतं. म्हणून त्या अख्ख्या चित्रात खरा उतरलाय तो फक्त खोटा वाघ.